मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीचे आयडलिंग आणि मिश्रण: दोष कसा शोधावा

मॉडिफाय केलेल्या टर्बो पेट्रोल गाडीचे आयडलिंग (गाडी उभी असताना, पाय न देता इंजिनाचे चालणे) बिघडले, की मालक बहुधा आधी सुट्या भागांच्या दुकानात जातो आणि बॉनेट नंतर उघडतो. एअरफ्लो सेन्सर, कॉइल, प्लग, लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहणारा) असे एकेक भाग बदलले जातात, बिल वाढत जाते आणि टॅकोमीटरचा काटा मात्र सहाशे ते अकराशेच्या दरम्यान तसाच झोके घेत राहतो. माझा अनुभव असा, की अशा गाडीत भाग निकामी होण्यापेक्षा हवेचा हिशोब चुकण्याचीच शक्यता अधिक असते. इंजिनात प्रत्यक्ष किती हवा गेली आणि ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, किती हवा मोजली, या दोन आकड्यांत तफावत पडली की हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडते. आणि ही तफावत कोणत्या परिस्थितीत पडते हे नीट पाहिले, तर ती कोठे पडते हेही बहुतेक वेळा पाना हातात घेण्यापूर्वीच कळते.

उदाहरणासाठी मी २००४ मध्ये भारतात आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस घेतो, कारण माझ्याकडे तीच आहे आणि महाराष्ट्रात तिचे इंजिन ओळखणारे लोक अजून भेटतात. १७८१ सीसी, वीस व्हॉल्व्ह, मुळात १५० अश्वशक्ती, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, आणि हवा मोजण्यासाठी एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच हॉट फिल्म प्रकारचा एअरफ्लो सेन्सर, अशी ही रचना आहे. माझ्या गाडीत पुढे बसवलेला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), तीन इंची डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) आणि रीमॅप केलेला, म्हणजे प्रोग्राम बदललेला, ईसीयू आहे. एअरफ्लो सेन्सर असलेल्या इतर टर्बो गाड्यांनाही पुढील पद्धत जवळजवळ तशीच लागू पडते. ज्या गाड्यांत हा सेन्सर नसतो आणि मॅनिफोल्डमधील, म्हणजे थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागातील, दाबावरून हवेचा अंदाज घेतला जातो, तेथे एक महत्त्वाचा फरक आहे: मॅनिफोल्डमध्ये बाहेरून हवा शिरली तर दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि त्या प्रमाणात पेट्रोलही वाढते, त्यामुळे अशा गाडीत मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होण्याऐवजी आयडल चढा राहतो.

बॉनेट उघडण्यापूर्वी

स्कॅनर जोडून सर्व कोड वाचावेत आणि ते लिहून ठेवावेत किंवा त्यांचा फोटो काढून ठेवावा. पुसू मात्र नयेत. कोड पुसला की त्याबरोबर साठवलेली माहिती, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, वेग आणि भार किती होता, तीही जाते, आणि ती माहिती कोडपेक्षा मोलाची असते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठी व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर सर्वात सोयीचे आहे. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल असला तरी शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली तात्पुरती आणि शिकलेली दुरुस्ती) दिसते आणि निम्मे काम तेवढ्यावर होते.

बॅटरी आणि अल्टरनेटर आधीच तपासून घ्यावेत. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्टपेक्षा कमी दाब मिळत असेल, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात, कारण इंजेक्टर उघडण्यास लागणारा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, म्हणजे कूलंट ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यावे, आणि एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर हे सर्व बंद ठेवावे. हे काम मोकळ्या जागी करावे. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये रिच (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणावर अर्धा तास इंजिन चालवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने खोली भरणे होय.

व्हॅक्यूम गेज वापरत असाल तर गावाची उंची लक्षात घ्यावी. मुंबईत निरोगी इंजिन आयडलला १८ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तेथे हाच आकडा दीड ते दोन इंचांनी कमी दिसतो. तो दोष नव्हे. मुंबईहून आलेल्या गाडीत केवळ या फरकावरून टायमिंग बेल्ट एक दात सरकल्याचे निदान झालेले मी पाहिले आहे.

ट्रिमचे दोन आकडे

ईसीयू लॅम्डा सेन्सरकडे पाहून पेट्रोल सतत कमीजास्त करत असतो. ही दुरुस्ती कायम एकाच दिशेने करावी लागत असेल, तर तो ती शिकून ठेवतो. शिकलेली ही दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म ट्रिम. आकडा अधिक असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवत आहे, म्हणजे मूळ मिश्रण लीन आहे. उणे असेल तर मूळ मिश्रण रिच आहे. पाच टक्क्यांच्या आत दोन्ही बाजूंना काळजीचे कारण नाही, दहाच्या पुढे मात्र शोध घ्यावाच.

या इंजिनाच्या ईसीयूत हे आकडे मेजरिंग ब्लॉक (स्कॅनरवरील आकड्यांचा गट) ०३२ मध्ये दिसतात आणि त्यांची मौज अशी, की ते दोन वेगवेगळे असतात. पहिला आयडलचा, बेरजेने लागू होणारा. दुसरा अर्धवट भारावरचा, गुणाकाराने लागू होणारा. ही विभागणी नीट समजली की निम्मे निदान होते. समजा, एखाद्या फाटक्या होजमधून सेकंदाला ०.४ ग्रॅम हवा न मोजता आत येत आहे. आयडलला हे इंजिन सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेते, म्हणजे चूक सुमारे १३ टक्क्यांची झाली. महामार्गावर तेच इंजिन ४० ग्रॅम घेत असेल, तर तीच गळती जेमतेम १ टक्का ठरते. म्हणून पहिला आकडा खूप चढलेला आणि दुसरा जवळजवळ शून्य असेल, तर गळती शोधावी. याउलट दोन्ही स्थितींत, किंवा भार वाढेल तशी, एका प्रमाणात चूक होत असेल, तर हवा मोजणारा सेन्सर चुकत आहे, पेट्रोलच कमी पोहोचत आहे किंवा, पुढे येईल तसे, सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये भेग आहे. पी११३६ हा कोड पहिल्या प्रकारच्या लीन दोषाचा आणि पी११२८ दुसऱ्या प्रकारचा. व्हीसीडीएसमध्ये हेच अनुक्रमे १७५४४ आणि १७५३६ या क्रमांकांनी दिसतात.

येथे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलविषयी सांगणे आवश्यक आहे. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल अधिक द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० साठी सात-आठ टक्के आणि ई१० च्या तुलनेत सुमारे चार टक्के इंधन जास्त लागते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत दुसरा आकडा अधिक ५ ते अधिक ८ च्या आसपास स्थिरावला असेल, तर ते पंपावरच्या इंधनाचे काम असू शकते. ट्रिम जोपर्यंत ते भरून काढते तोपर्यंत ठीक आहे. पण ईसीयू जुन्या इंधनावर रीमॅप केलेला असेल आणि पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबावर, तो लॅम्डा सेन्सरचे ऐकत नसेल, तर नेमक्या धोक्याच्या जागी मिश्रण लीन राहते. वाइडबँड गेज (मिश्रणाचे नेमके प्रमाण दाखवणारे) बसवले असेल तर ते एअर फ्युएल रेशोऐवजी लॅम्डात वाचण्याची सवय लावून घ्यावी; लॅम्डा १ म्हणजे अचूक प्रमाण, त्याखाली रिच, वर लीन. आयडल आणि साध्या वेगात लॅम्डा १.०० आणि पूर्ण बूस्टवर ०.८० ते ०.८५ असणे अपेक्षित असते. बूस्टमध्ये तो ०.९० च्या वर जाऊ लागला तर पाय तत्काळ उचलावा आणि दोष सापडेपर्यंत गाडी दामटू नये, कारण आयडलच्या दोषाने फक्त मनस्ताप होतो, बूस्टमधल्या लीन मिश्रणाने पिस्टन जातो.

हवा कोठे गळते, यावर सारे अवलंबून

टर्बो नसलेल्या इंजिनात गळती म्हणजे हवा आत शिरणे, एवढा एकच अर्थ असतो. टर्बो गाडीत हवेचा मार्ग तीन टप्प्यांचा असतो आणि प्रत्येक टप्प्यात गळतीची लक्षणे निराळी असतात.

पहिला टप्पा एअरफ्लो सेन्सरपासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा. येथे दाब नेहमी वातावरणाच्या दाबापेक्षा थोडा कमीच असतो, म्हणून भेग पडली तर न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण आयडलला व भारावर, दोन्हीकडे लीन होते. दुसरा टप्पा टर्बोपासून इंटरकूलरमार्गे थ्रॉटलपर्यंतचा. आयडलला येथे दाब जवळजवळ वातावरणाइतकाच असतो, त्यामुळे क्लॅम्प ढिला असला तरी गाडी उभी असताना काहीच कळत नाही; बूस्ट येताच मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र पूर्ण मोजमापाचे पडते, गाडी रिच होते, काळा धूर सोडते, सूऽ असा आवाज येतो आणि पिकअप पडतो. तिसरा टप्पा थ्रॉटलच्या पुढचा, म्हणजे मॅनिफोल्ड आणि त्याला जोडलेल्या सर्व बारीक नळ्या. येथील गळती आयडलला लीन करते आणि बूस्टमध्ये उलटी होऊन रिच करते. आयडलला लीन पण दाबल्यावर रिच, असे विचित्र वागणे दिसले, की लोक ईसीयूला दोष देतात. प्रत्यक्षात ते एका भोकाचे काम असते.

आरएसच्या इंजिनात या तिसऱ्या टप्प्यातली कुप्रसिद्ध जागा म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेल्या ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या भागातील) वाफा इनटेककडे नेणाऱ्या, नळ्या. माझ्या गाडीत इंटरकूलर बसवल्यानंतर महिनाभरात आयडल झोके घेऊ लागला. ब्लॉक ०३२ मध्ये पहिला आकडा अधिक ११.८ आणि दुसरा अधिक १.६ होता. वर लिहिलेले सर्व तेव्हाही मला माहीत होते; तरीही मी आधी नवा एअरफ्लो सेन्सर आणला, कारण तो बदलणे सोपे होते. काही फरक पडला नाही. मग एका रविवारी आरसा आणि टॉर्च घेऊन मॅनिफोल्डखाली पाहिले. ब्रीदरचा रबरी कोपर वरून अगदी धडधाकट दिसत होता; बोटाने खालच्या बाजूस चाचपल्यावर मात्र तेलाने भिजून लोण्यासारखे मऊ झालेले रबर आणि त्यात नखाएवढी चीर हाताला लागली. चिरेवर अंगठा दाबताच काटा झोके घ्यायचा थांबला आणि ८०० वर येऊन उभा राहिला. इंटरकूलरचे पाइप बसवताना मीच ती नळी बाजूला ओढून बांधली होती.

या भागात एकेरी व्हॉल्व्हही असतात आणि त्यांची दिशा महत्त्वाची असते. नळी काढून तोंडाने फुंकून पाहावे. हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील गळू लागतात.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे पाय काढताच दाबलेली हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी सोडणारा व्हॉल्व्ह, स्वतंत्रपणे तपासावा. त्यातील रबरी पडदा फाटला तर मॅनिफोल्डकडून आलेल्या बारीक नळीतून आयडलला हवा आत येते आणि बूस्टमध्ये दाबही टिकत नाही, असे दोन्हीकडून नुकसान होते. व्हॉल्व्ह काढून त्याचा पिस्टन आत दाबावा, व्हॅक्यूमच्या तोंडावर बोट ठेवावे आणि पिस्टन सोडावा. तो आतच राहिला तर पडदा शाबूत आहे, हळूहळू परत आला तर गेला. हा व्हॉल्व्ह काढून त्याजागी हवा बाहेर सोडणारा ब्लो ऑफ व्हॉल्व्ह बसवला असेल, तर एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत तोच दोषाचे मूळ असू शकतो. मोजलेली हवा बाहेर फेकली जाते, तिचे पेट्रोल मात्र पडते, म्हणून पाय काढताच गाडी गुदमरते, कधी सिग्नलला येऊन बंदच पडते. त्याची स्प्रिंग मऊ असेल तर आयडलच्या व्हॅक्यूमनेच तो किंचित उघडा राहतो आणि न मोजलेली हवा आत घेतो. त्या फिस्स आवाजाचा मोह मी समजू शकतो. तरी हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेणारी मूळ रचनाच ठेवावी.

दाब देऊन तपासणी

ही एक तपासणी सर्व सेन्सर बदलण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहे. प्लंबिंगच्या दुकानातून इनटेक पाइपच्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप आणावी, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवावा आणि एअरफ्लो सेन्सर काढून त्याच्या पुढच्या होजमध्ये ही कॅप क्लॅम्पने आवळावी. ब्रीदरची नळी जेथे इनटेक पाइपला मिळते तेथे ती चिमट्याने दाबून किंवा काढून बंद करावी, नाहीतर सारा दाब क्रँककेसमध्ये जाईल. इंजिन बंद, चावी काढलेली. मग रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरावी. ०.७ बार, म्हणजे १० पीएसआय, पुरेसा आहे. १ बारच्या पुढे जाऊ नये आणि कॅपच्या समोर चेहरा आणू नये, कारण सटकलेली कॅप दगडासारखी लागते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हे काम करता येते, पण त्याला दाब टायरचा द्यायचा नाही हे आधी दोनदा सांगावे.

थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमार्गे जाणारच, म्हणून दाब हळूहळू उतरला तर घाबरू नये. भांड्यांच्या साबणाचे पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून प्रत्येक जोड, इंटरकूलरच्या टोकांचे टाके, इंजेक्टरच्या बुडाच्या ओरिंगा, थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट आणि बूस्ट नियंत्रित करणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हच्या तिन्ही नळ्या भिजवाव्यात. फेस जेथे फुगतो तेथे गळती. सिलिकॉनच्या होजवर साधे वर्म क्लॅम्प असतील तर ते बदलून टी बोल्टचे घ्यावेत. वर्म क्लॅम्प मऊ सिलिकॉन कापतो आणि तापल्यावर ढिला होतो. काही जण आयडलला नळ्यांजवळ उदबत्ती फिरवून धूर कोठे ओढला जातो ते पाहतात. युक्ती चालते, पण इंजेक्टर रेलपाशी पेटती वस्तू नेणे मला मान्य नाही. तीच गोष्ट कार्ब क्लीनर फवारून आयडल वाढतो का पाहण्याची: तापलेला टर्बो बाजूलाच असतो.

गळती नसेल तर

एअरफ्लो सेन्सरचा आकडा आयडलला सेकंदाला २ ते ४ ग्रॅमच्या दरम्यान असावा. पूर्ण भारावरचा सर्वाधिक आकडा ०.८ ने भागला की अश्वशक्तीचा ढोबळ अंदाज येतो. १५० अश्वशक्तीच्या इंजिनाने १२० ग्रॅमच्या आसपास जावे. ९० वरच थांबत असेल तर सेन्सर मळला आहे किंवा थकला आहे, किंवा बूस्टच मिळत नाही. तेल लावलेले कापडी फिल्टर वापरणाऱ्यांनी सेन्सरची फिल्म पाहावी. तेल जास्त झाले की ते तिच्यावर बसते. सेन्सरसाठीच बनवलेल्या क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्यावा, कापूस किंवा बोट लावू नये.

सेन्सरचे नळकांडे बदलले असेल तर गणित करून पाहावे. ७० मिलिमीटरऐवजी ७६ मिलिमीटरचे नळकांडे बसवले, तर क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढते, हवेचा वेग त्या प्रमाणात घटतो आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा सांगतो. रीमॅपमध्ये ही दुरुस्ती नसेल तर गाडी सर्वत्र लीन राहणारच.

मोठे इंजेक्टर बसवल्यावर आयडलच बिघडला आणि पुढे सारे ठीक असले, तर इंजेक्टरचा डेड टाइम (संकेत मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ) रीमॅपमध्ये चुकीचा भरलेला असतो. आयडलला इंजेक्टर सुमारे २ मिलिसेकंद उघडतो; ०.३ मिलिसेकंदाची चूक तेथे १५ टक्के होते, ६ मिलिसेकंदांवर ती ५ टक्केच उरते. हे पान्याने दुरुस्त होत नाही. रीमॅप करणाऱ्याकडे परत जावे लागते, आणि जाताना लॉग (स्कॅनरने नोंदवलेले आकडे) घेऊन जावे, तक्रार नव्हे.

हवेचे आकडे योग्य आणि तरीही भार वाढेल तसे मिश्रण लीन होत असेल, तर पेट्रोलचा दाब गेजने मोजावा. ३ बारच्या रेग्युलेटरने आयडलला साधारण २.५ बार आणि त्याची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३ बार दाखवले पाहिजेत. नळी काढल्यावर तिच्यातून पेट्रोल टपकले तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि आयडलला गाडी रिच का, याचेही उत्तर तेथेच मिळाले.

रिच आयडलची आणखी दोन कारणे चटकन पाहून घेता येतात. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, कूलंट आणि इनटेक हवेचे तापमान वाचावे. दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजेत. कूलंट सेन्सर फारच थंड सांगत असेल तर ईसीयू थंड इंजिनाचे पेट्रोल देत राहतो. दुसरे, टाकीतील वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. त्याची मॅनिफोल्डकडची नळी चिमटून आयडल सुधारतो का पहावे.

डाउनपाइप बदललेल्या गाडीत एक फसवा दोष आढळतो. लॅम्डा सेन्सरच्या आधी फ्लँजला गळती असेल तर आयडलला एक्झॉस्टच्या धक्क्यांमधल्या खाचेत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू लीन समजून पेट्रोल वाढवतो आणि गाडी प्रत्यक्षात रिच होते. ट्रिम अधिक, पण प्लग काळे आणि पेट्रोलचा वास, असा विरोधाभास दिसला तर फ्लँजभोवती काजळीच्या रेषा शोधाव्यात. मिसिंगही असेच फसवते, कारण न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सेन्सरकडे जातो. बूस्ट वाढवलेल्या गाडीत प्लगची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणून पहावी.

दुरुस्तीनंतर

दोष काढल्यावरच कोड आणि शिकलेले ट्रिम पुसावेत. मग चावी चालू, इंजिन बंद ठेवून बेसिक सेटिंग्जमध्ये ब्लॉक ०६० ने थ्रॉटलचे अ‍ॅडाप्टेशन करावे. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल किंवा बॅटरी काढली असेल तर हे टाळू नये, अन्यथा चांगल्या इंजिनाचाही आयडल काही दिवस वेडावाकडा राहतो. शहर आणि महामार्ग मिळून ५०-६० किलोमीटर साधेपणाने चालवून ब्लॉक ०३२ पुन्हा वाचावा. नवा कोपर बसवल्यावर माझ्या गाडीत पहिला आकडा अधिक १.४ वर आला. दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर सर्व क्लॅम्प पुन्हा आवळावेत. पीयूसी काढताना यंत्रावरील आयडलचे कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण विचारून टिपून ठेवले, तर पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, हे मात्र बदल करण्यापूर्वीच तपासायचे असते.

इतके सगळे करून दोन्ही ट्रिम शून्याजवळ आले आणि तरीही इंजिन हलत राहिले, तर दोष मिश्रणात नाही. तेव्हा कॉम्प्रेशन मोजावे, कॅमचे टायमिंग तपासावे आणि इंजिन माउंट पाहावेत. रेसिंगसाठीचे कडक माउंट बसवलेले असतील, तर स्टिअरिंगला येणारा तो थरथराट त्यांचाच आहे.